कुस्तीतून एमएमएकडे वळण्यासाठी २३ वे वर्ष उशिराचे आहे का?

आपला धाकटा भाऊ राज्य स्पर्धेपर्यंत मॅटवर खेळलेला आहे, वय २३ आहे, आणि आता त्याला व्यावसायिक एमएमएकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती या सगळ्यांना मुभा असलेल्या मिश्र लढतींकडे वळायचे आहे. त्याला उशीर झाला आहे का, असे आपण विचारले आहे. उशीर झालेला नाही. अडचण वयाची नसून तालमीत अंगात भिनलेल्या सवयींची आहे. मी अलिबाग तालुक्यातल्या एका गावच्या तालमीत बारा वर्षे मुले तयार करतो. आमची दोन मुले याच वाटेने मुंबईला गेली, त्यामुळे हे जवळून पाहिलेले आहे.

वयाची शंका फिटावी म्हणून डॅनियल कॉर्मियर या अमेरिकन पैलवानाची कारकीर्द पाहावी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो ९६ किलो गटात चौथा आला, २००७ मध्ये त्याने जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, आणि एमएमएतली पहिली लढत तो २००९ मध्ये, म्हणजे वयाच्या ३० व्या वर्षी लढला. २०१५ मध्ये तो यूएफसी या एमएमएच्या मोठ्या अमेरिकन संघटनेचा लाइट हेवीवेट गटातला विजेता झाला आणि जुलै २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचला पहिल्याच फेरीत ठोशाने पाडून हेवीवेटचाही. दोन गटांची विजेतेपदे एकाच वेळी त्याच्याकडे होती. मात्र उंचीने तो हेवीवेटमधल्या बहुतेकांपेक्षा कमी होता. पट काढण्याच्या, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या, धाकाने समोरच्याचे हात खाली यायचे आणि मग त्याचा ठोसा लागायचा, हे त्याचे खरे गणित होते, असे मला वाटते.

आता सवयींविषयी. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की पैलवान चीत होतो, म्हणून संकटात सापडलेला मुलगा झटकन पोटावर वळतो आणि खडकाला कालव चिकटावे तसा मॅटला चिकटून राहतो. आम्ही वस्ताद लोकच त्याला हे लहानपणापासून शिकवतो. एमएमएत मात्र पोटावर वळणे म्हणजे स्वतःची पाठ आणि मान समोरच्याच्या हवाली करणे होय. तो पाठीवर बसतो, हनुवटीखालून हात घालतो आणि गळा आवळतो. गंमत अशी की कॉर्मियरने २०१५ चे विजेतेपद अँथनी जॉन्सनचा असाच गळा आवळून जिंकले, आणि तेही पहिल्या फेरीत स्वतः ठोसा खाऊन खाली पडल्यानंतर. आमच्या एका मुलाने मुंबईत पहिल्याच सरावात झकास दुहेरी पट काढला, पण डोके बाहेरच्या बाजूला खाली ठेवले आणि काही सेकंदांत त्याची मान समोरच्याच्या काखेत अडकली. पट उत्तम होता, हरला मात्र तोच. आपली रितू फोगाटही कुस्तीच्या बळावर डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत पोहोचली आणि तेथे दुसऱ्या फेरीत हाताच्या सांध्यावरील पकडीत हरली.

म्हणून पहिले सहा महिने भावाने ठोशांपेक्षा जिउ-जित्सूला, म्हणजे जमिनीवरच्या पकडी आणि गळा आवळण्याच्या कलेला, द्यावेत, आणि त्यातही आधी मान वाचवणे शिकावे. त्यासाठी त्याला मुंबई, नवी मुंबई किंवा पुण्याला राहावे लागेल.

वजनाबाबत मी अधिक कडक आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कॉर्मियर अमेरिकन संघाचा कर्णधार होता. वजन उतरवताना त्याची मूत्रपिंडे बिघडली आणि एकही कुस्ती न खेळता त्याला माघार घ्यावी लागली. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. अशा हवेत रेनकोट घालून धावणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना मैदानातून बाहेरही काढले आहे. भावाचे नेहमीचे वजन आणि गटाचे वजन यांत फार अंतर असेल, तर त्याने वरचा गट घ्यावा.

पोटापाण्याचे मात्र स्पष्ट सांगतो. कुस्ती ऑलिंपिक खेळ असल्यामुळे पैलवानाला रेल्वे, पोलीस, लष्कर यांची दारे उघडी असतात. एमएमए ऑलिंपिकमध्ये नाही आणि तो आधार तेथे मिळत नाही. भावाकडे राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रे आहेत, तर क्रीडा कोट्यातल्या भरतीचे अर्ज त्याने आधी भरावेत आणि जिमचा शोध त्यानंतर घ्यावा.