गरोदरपणातला पाण्याचा हिशेब

प्रश्न: मला पाचवा महिना चालू आहे. कुणी तीन लिटर पाणी प्यायला सांगतं, कुणी म्हणतं तहान लागेल तेवढंच प्या. नेमकं किती प्यायचं?

तीन लिटर हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट ऐकलेला आहे. अमेरिकेतल्या जुन्या शिफारशीत गरोदरपणी दिवसाला एकूण 3 लिटर पाणी धरलं होतं. त्यात भाजी, फळं, दूध, सूप यांतलं पाणीही आलं. प्रत्यक्ष पिण्याचा वाटा 2.3 लिटरच्या आसपास होता. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सध्या 8 ते 12 कप, म्हणजे साधारण 1.9 ते 2.8 लिटर सांगते. अडीचशे मिलीचा पेला धरलात तर रोज आठ ते अकरा पेले झाले. उकाडा असेल, घाम येत असेल, ताप किंवा जुलाब असतील तर त्याहून जास्त लागतं.

हे वाढीव पाणी जातं कुठे? गरोदरपणात अंगातलं रक्त साधारण 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि त्यातली बरीचशी वाढ पातळ भागाची, म्हणजे पाण्याची असते. तहानही एरवीपेक्षा लवकर लागते, त्यामुळे तहानेवर विसंबणाऱ्यांचंही अगदीच चुकत नाही. कामाच्या नादात ती मारली की मात्र हिशेब बिघडतो. म्हणून एक लिटरची बाटली भरून समोर ठेवा. दुपारच्या जेवणापर्यंत एक, संध्याकाळपर्यंत दुसरी संपली की झालं. सकाळचा आळस भरून काढायला रात्री एकदम लिटरभर पाणी ढोसू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर वरचे सगळे आकडे विसरा आणि तेच पाळा.

प्रश्न: नववा आठवडा आहे. घोटभर पाणी प्यायलं तरी उलटी होते. काय करू?

पेला तोंडाला लावूच नका. चमचा घ्या. उलटी झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि 15-20 मिनिटं पोटाला विश्रांती द्या. मग दर पाच मिनिटांनी दोन चमचे. तासभर ते टिकलं तर दोन-तीन घोटांवर या. पुष्कळ जणींना कोमट पाण्यापेक्षा गार पाणी किंवा बर्फाचा खडा सोसतो. जेवताना पाणी टाळा, अर्धा तास आधी किंवा नंतर घ्या, कारण भरलेलं पोट ताणलं की मळमळ वाढते.

वारंवार उलट्या होत असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, क्षारही भरून निघावे लागतात. ओआरएस घ्या, पण पुडीवर जितकं पाणी लिहिलं आहे तितक्यातच अख्खी पुडी विरघळवा. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकणं ही इथली नेहमीची चूक. द्रावण जास्त खारट झालं की फायद्याऐवजी त्रास होतो. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तयार द्रावण 24 तासांनंतर फेकून द्या. मधुमेह असेल तर ते घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

24 तासांत काहीच पोटात टिकलं नाही, आठ तास लघवी झाली नाही, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वजन गरोदरपणाआधीच्या पाच टक्क्यांनी घटलं (55 किलोच्या बाईचं पावणेतीन किलो), तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठा. अशा वेळी सलाईनची गरज पडू शकते.

प्रश्न: भरपूर पाणी पिऊनही लघवी गर्द पिवळी होते. पाणी कमी पडतंय का?

आधी गोळ्या बघा. बी-2 जीवनसत्त्व असलेल्या गोळीने लघवी झगझगीत पिवळी होते, त्याचा पाण्याशी संबंध नाही. सकाळची पहिली लघवीही गडदच असते. दुपारची बघा. फिकट पिवळी असेल तर ठीक, चहासारखी गडद आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडतंय. भरपूर पिऊनही ती तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. जळजळ, दुर्गंध, ताप किंवा कंबरेत एका बाजूला दुखणं असेल तर तपासणी करून घ्या. लघवीचा संसर्ग पाण्याने बरा होत नाही, आणि गरोदरपणी तो मूत्रपिंडापर्यंत लवकर चढतो.

प्रश्न: पायांवर सूज आहे. सासूबाई म्हणतात पाणी कमी कर.

नको. वाढलेलं गर्भाशय पायांकडून परतणारं रक्त अडवतं, म्हणून संध्याकाळी घोटे सुजतात. पाणी तोडल्याने ती सूज उतरत नाही, उलट बद्धकोष्ठ मात्र वाढतं, लोहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. पाय उंच ठेवून डाव्या कुशीवर पडा. सूज अचानक चेहऱ्यावर किंवा हातांवर आली, डोकं ठणकलं, नजर धूसर झाली किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या. विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

प्रश्न: रात्री चार वेळा उठावं लागतं. संध्याकाळनंतर पाणी बंद केलं तर?

बंद नको, वेळ सरकवा. बहुतेक पाणी संध्याकाळपर्यंत संपवा, झोपण्याआधीच्या दोन तासांत फक्त घोट-दोन घोट. दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं होताच रक्तात परततं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. संध्याकाळी अर्धा तास पाय वर करून पडलात तर त्यातलं थोडं झोपण्याआधीच निघून जातं.

प्रश्न: चहा-कॉफी पाण्यात धरायची का?

धरा. फक्त कॅफिन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवा. मगभर चहात साधारण 75, मगभर इन्स्टंट कॉफीत 100 असतं. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा.

प्रश्न: सोनोग्राफीत गर्भजल कमी आलंय. पाण्याने वाढेल?

आईच्या अंगात पाणी कमी असेल तर थोडं वाढू शकतं. पण पिशवीला गळती असेल, वारेचं काम मंदावलं असेल किंवा बाळाच्या मूत्रपिंडात दोष असेल, तर कितीही प्यायलात तरी फरक पडणार नाही. सोनोग्राफीत मोजलेला गर्भजलाचा निर्देशांक (पाणी किती आहे ते सांगणारं माप) 5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील. अंगावरून पातळ पाणी जातंय असं वाटलं, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जा.