बीटामॅक्स घेणारे मूर्ख होते का?

दोन फॉरमॅटची मारामारी चालू असताना आधी उडी मारणारे नेहमी तोंडघशी पडतात का, असा तुमचा प्रश्न आहे. त्याच ओघात तुम्ही बीटामॅक्स घेणाऱ्यांना मूर्ख म्हटलंय. बीटामॅक्स म्हणजे सोनीचा व्हिडिओ कॅसेटचा फॉरमॅट, त्याच्याशी मारामारी होती व्हीएचएसची, आणि एकाची कॅसेट दुसऱ्याच्या मशीनमध्ये चालायची नाही. माझे बाबा त्यांच्यापैकी एक, म्हणून लिहायला बसलो.

बाबांनी दोन्ही मशीन शेजारी शेजारी लावून बघितली आणि मगच बीटामॅक्स घेतला. चित्र जास्त स्वच्छ होतं, कॅसेट आटोपशीर होती, एवढं त्यांना पुरलं. वर्षभराने मामाने व्हीएचएस आणला. तेव्हापासून घरात पाऊल टाकलं की त्याचं एकच, "भावोजी, घाई केलीत." भाड्याच्या बीटा कॅसेट मिळेनाशा झाल्या तसा त्याचा आवाज चढत गेला. १९८८ मध्ये खुद्द सोनीच व्हीएचएस मशीन बनवायला लागली, त्या दिवशी तर तो मुद्दाम भेटायला आला. बाबा कधी उलटून बोलले नाहीत. ते मला अजून सलतं.

आता मामा जे सांगत नाही ते. १९८४ मध्ये आई टीव्हीवर गायली होती. एकदाच, जेमतेम सात मिनिटं. दोन्ही घरांत रेकॉर्डिंग झालं. बाबांनी कॅसेटचं ते प्लास्टिकचं टोक तिथल्या तिथे मोडून टाकलं, वर दुसरं काही चढू नये म्हणून. मामाच्या कॅसेटवर महिन्याभरात एक मॅच चढली. त्याच्या सख्ख्या बहिणीचं गाणं होतं ते.

बाबा गेल्यावर मशीन माळ्यावरच होतं. काही वर्षांपूर्वी उघडलं तर आतल्या रबरी बेल्टचं डांबर झालेलं, बोटाला चिकटलं ते दोन दिवस निघेना. नवे बेल्ट बसवले, टेप वाचणारं हेड पुसलं, आधी एक फालतू कॅसेट चालवून पाहिली. मग आईची. वरच्या कडेला चित्र थरथरत होतं, पण गाण्याआधी तिने घसा साफ केला आणि बाजूला कुणाकडे तरी बघून मान हलवली, ते स्पष्ट दिसलं. लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि एक प्रत मामाला नेऊन दिली. त्यानंतर "घाई केलीत" त्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तर बीटा हरला का? सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणला तेव्हा कॅसेटवर एक तास मावायचा. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने दोन तासांची व्हीएचएस आणली, त्यात अख्खा सिनेमा बसायचा. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागला. बाकीचं काम व्हीएचएसची मशीन बनवणाऱ्या भरमसाट कंपन्यांनी आणि भाड्याच्या कॅसेटवाल्यांनी केलं. घेणाऱ्याच्या अकलेचा यात काडीचा संबंध नाही.

पुढे सिनेमाच्या डिस्कच्या दोन फॉरमॅटची, तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या बाजूचा ब्लू-रे यांची मारामारी झाली, तिथेही तेच. एचडी डीव्हीडीच्या एका थरावर १५ जीबी मावायचे, ब्लू-रेच्या २५, पण निकाल आकड्यांवर लागला नाही. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनमधून ब्लू-रे आपोआप घरोघर पोचला, जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. एचडी डीव्हीडीचा पहिला प्लेअर बाजारात येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी तो हौसेने घेतला त्यांनी काय चूक केली? सगळेच थांबले असते तर कुठलाच फॉरमॅट उभा राहिला नसता.

म्हणून माझं मत: आवडलं तर घ्या. मात्र विकतचे सिनेमे वेगळे आणि स्वतःचं रेकॉर्डिंग वेगळं. सिनेमा पुन्हा मिळतो. स्वतःचं जे असेल ते फॉरमॅट जिवंत असतानाच दुसरीकडे उतरवून ठेवा, जिंकलेल्या फॉरमॅटवर असलं तरी. व्हीएचएसची मशीन बनणंही २०१६ मध्ये थांबलं.

एक कबूल करायला हवं. बीटाचं चित्र फार सरस, हे आम्ही घरात जितकं घोकलं तितकं खरं नाही. दोन तास मावावेत म्हणून सोनीने पुढे टेपचा वेग निम्म्यावर आणला, त्यात फरक बराचसा पुसला गेला. मामाला हे माहीत नाही.

आणि माळ्यावर तुमचं जुनं मशीन असेल तर थेट मोलाची कॅसेट घालू नका. आधी झाकण उघडून बेल्ट बघा.