पुण्याहून जळगावला यायचंय? आधी एक उन्हाळा भाड्याच्या घरात काढा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाकडला २८ हजार भाडं जातंय, तुमचं काम आता कायमचं घरून झालंय, वहिनी शाळेत शिकवतात, मुलगी पुढच्या जूनला पहिलीत जाणार, आईवडील यावलला दोघंच आहेत, आणि तुम्ही विचारताय की जळगावला येऊन सरळ फ्लॅट घेऊन टाकावा का, की धुळं-भुसावळ बघावं, आणि पुण्याची सवय लागलेल्या माणसाला इथे करमेल का. मी मूळची पाचोऱ्याची, लग्नानंतर नऊ वर्षं पुण्यात होते, २०२१ च्या जूनपासून जळगावात आहे. मी पुण्याच्याच एका ऑफिसचं अकाउंटचं काम घरून करते आणि मिस्टर इथे एमआयडीसीत आहेत, म्हणजे तुमच्यासारखंच अर्धं पुणं अर्धं जळगाव असं आमचं घर चालतं. म्हणून मनापासून सांगते, या, जरूर या, पण आल्याआल्या घर घेऊ नका. पहिला अख्खा उन्हाळा भाड्याच्या घरात काढा.

का म्हणते ते ऐका. आम्ही जूनमध्ये आलो, पाऊस लागलेला, सगळं हिरवंगार, मेहरुण तलावावर संध्याकाळी मस्त वारा, आणि ९,५०० रुपयांत टू बीएचके मिळाला, तिसरा मजला, वरती डायरेक्ट गच्ची. पुण्यात आम्ही २४ हजार आणि वर मेंटेनन्स भरत होतो, त्यामुळे आम्हाला वाटलं लॉटरी लागली. दिवाळी गेली, थंडी गेली, आणि मग एप्रिल आला. जळगावचा उन्हाळा मला काही नवीन नव्हता, लहानपण त्यातच गेलं, पण ते माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात गेलं, काँक्रीटच्या शेवटच्या मजल्यावर नाही. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री ती सगळी धग खाली घरात सोडतो. रात्री नऊ वाजता नळ सोडला की हाताला चटका बसेल असं पाणी यायचं, मुलाच्या अंघोळीसाठी मी सकाळी सहालाच दोन बादल्या भरून बाथरूमच्या कोपऱ्यात झाकून ठेवायचे. पाटावर बसवत नव्हतं, गादी गरम, कपाटातले कपडेसुद्धा गरम. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, भुसावळला तर कधी त्याहून वर, हा आकडा पेपरात वाचणं वेगळं आणि त्यात दुपारी तीनला हेडफोन लावून मीटिंगला बसणं वेगळं.

त्या फ्लॅटला आणखी एक अडचण होती जी बघताना आमच्या लक्षातच आली नाही. इथे एसीपेक्षा कूलरवर घर चालतं, आणि कूलर बाहेर खिडकीला किंवा बाल्कनीत लागतो, बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, आणि समोरून हवा निघायला दुसरी खिडकी उघडी लागते. आमच्याकडे बेडरूमला स्लायडिंगची खिडकी, बाहेर स्टँड लावायला जागाच नाही, मग कूलर हॉलमध्ये आणि सगळे हॉलमध्ये झोपायचो. घर बघायला जाल तेव्हा आधी हे विचारा, कूलर कुठे बसेल आणि हवा कुठून निघेल. मार्चमध्येच कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलून घ्या, नंतर माणूस मिळत नाही. आणि जून-जुलैत दमट हवा सुरू झाली की कूलरचा काही उपयोग नाही, चिकचिक होते, तेवढ्यासाठी एका खोलीला एसी लागतोच, तुम्ही घरून काम करताय तर नक्कीच लागेल.

आता पैशाचं. भाड्यात आमचे महिन्याला चौदा-साडेचौदा हजार वाचले, पण तेवढे सगळे खिशात राहिले असं समजू नका. एप्रिल ते जून लाईट बिल साडेचार-पाच हजारांपर्यंत गेलं. लाईट उन्हाळ्यात आणि वादळी पावसात जाते, म्हणून इन्व्हर्टर घेतला, तो २२ हजारांचा. पुण्याला माझ्या ऑफिसच्या कामासाठी वर्षातून चार-पाच चकरा होतात, दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले किती घेतात ते तुम्हाला माहितीच आहे. हे सगळं धरूनसुद्धा महिन्याकाठी दहा-अकरा हजार खरोखर मागे पडतात, भाजीपाला, शाळेची रिक्षा, घरकामाच्या मावशी हे सगळं स्वस्त आहे म्हणून अजून थोडे. पण हे गणित जमतं ते पुण्याचा पगार इथे आणला तर. मिस्टरांनी पुण्याची नोकरी सोडून इथली धरली तेव्हा पगार तिसऱ्या हिश्शाने कमी झाला. इथे डाळ मिल आहेत, चटईचे कारखाने आहेत, पाइप आणि ठिबकचं मोठं काम आहे, सोन्याचा बाजार तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, पण आयटीतल्या माणसाला नोकरी गेली तर आठ दिवसांत दुसरी लागेल असं हे गाव नाही. म्हणून कंपनीकडून कायम वर्क फ्रॉम होमचं लेखी घ्या, मॅनेजर तोंडी म्हणाला यावर घर हलवू नका. आणि वहिनींचं आधी बघा, हे मी बाई म्हणून सांगते. खासगी शाळांत शिकवण्याचे पगार पुण्याच्या मानाने फार कमी आहेत, त्यांनी दोन-तीन शाळांत आधीच चौकशी करावी, नाहीतर तुमचं भाडं वाचेल आणि त्यांची नोकरी जाईल, आणि ते नुकसान कुठल्याच हिशेबात मांडलं जात नाही. आमच्या सोसायटीत एक ताई अशाच आल्या, पुण्यात बारा वर्षं शिकवलेलं, इथे दोन वर्षं घरी बसून आहेत, आणि त्यांना खूप त्रास होतो त्याचा.

घर घेण्याबद्दल मी थोडं लांबण लावणार आहे कारण आमचे इथे पैसे गेलेत. २०२२ ला एका एजंटने शहराबाहेर प्लॉट दाखवला, रस्ते आखलेले, पोल उभे, कमान पण बांधलेली, म्हणाला एनए (बिगरशेती) आहे, पन्नास हजार टोकन द्या नाहीतर रविवारी दुसरी पार्टी येतेय. दिले आम्ही. मग माझ्या वडिलांनी सातबारा काढायला लावला, तर त्यावर सहा नावं, त्यात दोन बहिणी ज्यांनी हक्कसोड केलेलंच नाही, आणि एनएची ऑर्डर शेजारच्या गटाची. पैसे आजपर्यंत परत आले नाहीत. त्यामुळे सातबारा, फेरफार, मंजूर लेआउटचा नकाशा आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट हे आपल्या ओळखीच्या वकिलाकडून, एजंटने दिलेल्या वकिलाकडून नाही, आणि टोकन त्याच्यानंतर.

फ्लॅट घेणार असाल तर अजून एक गोष्ट. पुण्यात आपल्याला महारेराचा, म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा नंबर बघायची सवय असते, पण प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर त्या नोंदणीची गरजच नसते, आणि जळगावात तीन मजली, सहा-आठ फ्लॅटच्या बिल्डिंगी भरपूर आहेत. म्हणजे तिथे तुमच्या बाजूने उभं राहायला फक्त तुमची कागदपत्रं. भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा मनपाचा दाखला) बघितल्याशिवाय खरेदीखत करू नका, बिल्डर म्हणेल कंप्लीशन येतंय दोन महिन्यांत, तर तुम्ही पण दोन महिन्यांनीच या. आम्ही शेवटी २०२३ ला महाबळच्या बाजूला ३६ लाखांत घेतला, पहिला मजला, वर दोन मजले, मुद्दाम. माझ्या एकटीच्या नावावर घेतला कारण फक्त बाईच्या नावावर घर असेल तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत मिळते, आमचे ३६ हजार त्यात वाचले. नोंदणी फी मात्र ३० हजारांच्या वर जात नाही, घर कितीचंही असो.

पाणी विचारा. मनपाचं पाणी वाघूर धरणातून येतं, धरणात पाणी असतं पण नळाला रोज येत नाही, आमच्याकडे दोन दिवसाआड येतं. म्हणून जमिनीखालची टाकी केवढी आहे हे विचारायचं. बोअरचं पाणी क्षाराचं आहे, गिझर दोन वर्षांत खराब होतो आणि केसांची वाट लागते.

शाळा ठरवाल तेव्हा नकाशा समोर ठेवा. हायवे शहराच्या मधून जातो, आणि त्याच्यावरच्या अपघातांत फार माणसं गेली आहेत. हायवेच्या ज्या बाजूला शाळा त्याच बाजूला घर बघा, रामानंद नगर, महाबळ, गणपती नगर हे सगळं एका बाजूला येतं. मुलगी पाच-सहा वर्षांनी सायकलवर जाईल, तेव्हाचा विचार आत्ता करा. रेल्वे लाईनचंही तेच.

दवाखान्याचं सांगते, तुमचे आईवडील आहेत म्हणून. साधं दुखणं, बाळंतपण, हाड मोडलं, याला इथे चांगले डॉक्टर आहेत आणि फोन केला तर ओळखीने रात्री पण बघतात. २०१८ पासून सरकारी मेडिकल कॉलेज पण आहे. पण गुंतागुंतीचं काही निघालं की लोक संभाजीनगर, नाशिक नाहीतर मुंबई गाठतात, सासऱ्यांच्या वेळी आम्हीही गाठली. त्यामुळे आरोग्य विमा कमी करू नका, उलट वाढवा. पण यावलहून जळगाव तासाभराचं अंतर आहे, आणि वाकडहून यावल रात्रभराचं, हा फरक ज्याने रात्री दोनला वडिलांचा फोन घेतलाय त्यालाच कळतो. आम्ही आलो ते खरं तर याच एका गोष्टीसाठी.

करमेल का याचं उत्तर तुमच्यावर आहे. मॉल, नवनवीन कॅफे, दर शनिवारी बाहेर, हे हवं असेल तर सहा महिन्यांत कंटाळाल. ऑफिसला जायला मिस्टरांना बारा मिनिटं लागतात, दुपारी जेवायला घरी येतात, मुलगा संध्याकाळी ‘भाऊंचे उद्यान’ या बागेत खेळतो. संभाजीराजे नाट्यगृहात नाटकं येतात, पुण्याएवढी नाही पण येतात. कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो तेव्हा अख्खं जुनं गाव रस्त्यावर असतं. आणि हिवाळा. हिवाळा मात्र जळगावचाच. डिसेंबरात आमच्या बिल्डिंगमधले सगळे मिळून शेतात भरीत करायला जातो, आसोद्याची नाहीतर बामणोदची हिरवी मोठी वांगी, तुरीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत कुटायची, वर हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा तडका, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि पातीचा कांदा. माझ्या मुलाला पुण्यात वांगं चालत नव्हतं, आता दोन भाकरी खातो. शेजारच्या काकू मला विचारल्याशिवाय त्याला शाळेतून आणतात, जेवू घालतात, मी मीटिंगमध्ये असते तेव्हा.

त्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. हेच शेजारी तुमच्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं हे पण बघतात. आणि भाड्याने घर बघताना पहिला प्रश्न आडनावाचा येतो, आडनावावरून कळलं नाही तर सरळ जात विचारतात, काही घरमालक नाही म्हणतात. मला याचा संताप येतो, आमच्या एका मित्राला याच्यामुळे चार घरं नाकारली गेली. हे गाव बदलतंय पण हळूहळू.

धुळ्याचं आणि भुसावळचं थोडक्यात. तुमचं येणंजाणं गाडीने नाशिक-मुंबईकडे असतं तर मी धुळं म्हटलं असतं, मुंबई-आग्रा हायवे दारातून जातो, पण रेल्वे म्हणजे चाळीसगावचा फाटा तेवढाच, मनमाड-इंदूर लाईन २०२४ ला मंजूर झाली ती व्हायला वेळ आहे. भुसावळ स्वस्त आहे, गाड्या भरपूर थांबतात, पण पाण्याचे हाल जास्त आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी जळगावलाच यावं लागेल. जळगावहून पुण्याला महाराष्ट्र एक्सप्रेस आणि आझाद हिंद आहे, दोन्हीचं रिझर्व्हेशन लवकर भरतं. रस्त्याने संभाजीनगरमार्गे साधारण चारशे किलोमीटर. विमान आहे, पण वेळापत्रक बदलत राहतं, त्यावर नोकरीचं नियोजन करू नका.

मुलीची शाळा जूनला सुरू होणार म्हणजे तुम्हाला घर मे महिन्यातच बघावं लागेल, ते बरंच झालं. वहिनींना सोबत घ्या, सकाळी गार वेळेला एजंट बोलावेल तेव्हा जाऊ नका, दुपारी चार वाजता जा. पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात लावा आणि दहा पर्यंत मोजा. हात ठेवता आला तर भाड्याचं बोला. राहायचं कुठे म्हणून अडू नका, महाबळला आमच्याकडे एक खोली रिकामी असते, इथेच मेसेज करा.