दहा दिवसांच्या बिलाबरोबर

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. संस्थेने वर्षभरात नदी आणि पूर या विषयांवर चौदा लेख काढले, त्यांतील एकही साठांहून अधिक जणांनी वाचला नाही आणि त्या साठांतही निम्मे विश्वस्तांचे पाहुणेच असावेत, ही तुझी तक्रार मी दोनदा वाचली. जाहिरातीसाठी विश्वस्तांकडे किती पैसे मागावेत, असे तू विचारले आहेस. माझ्या मते तूर्त एक रुपयाही मागू नये.

तुझा सर्वांत चांगला लेख ‘आपत्ती व्यवस्थापन आणि लोकसहभाग : एक चिंतन’ या नावाखाली पडून आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत जनावरे, कागदपत्रे आणि धान्य कोणत्या क्रमाने हलवावे, हे त्याच्या सहाव्या परिच्छेदात तू फार नेमके लिहिले आहेस. जुलैतल्या रात्री प्रयाग चिखलीचा माणूस फोनवर हेच शोधत असतो; पण तो ‘पंचगंगा पाणी पातळी’ असे शोधतो, ‘लोकसहभाग’ असे कोणी शोधत नाही. तेव्हा सहावा परिच्छेद पहिला कर, शीर्षकात नदीचे आणि बंधाऱ्याचे नाव येऊ दे, आणि चिंतन शेवटी उरलेच तर उरू दे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फुटांच्या वर गेलेले पाणी ज्यांनी दारात पाहिले, त्यांना पुराचे गांभीर्य पटवून देण्यात तू दीड पान घालवले आहेस, तेही काढ. शिवाय हा लेख निघाला डिसेंबरात, जेव्हा गावात ऊसतोडीखेरीज दुसरे बोलणे नसते; तो मृगाच्या आधी निघायला हवा होता.

हे मी शहाणपणाने सांगतो आहे असे समजू नकोस. २००५ च्या पुरानंतर आम्ही दोन हजार पत्रके छापली, गुळगुळीत कागदावर, वर संस्थेचे नाव, बोधचिन्ह आणि कार्यकारिणीची पूर्ण यादी. त्यांतले निम्म्याहून अधिक गठ्ठे पुढच्या उन्हाळ्यात माळ्यावर कसर लागलेल्या अवस्थेत सापडले. एका दूध संस्थेच्या सचिवांना त्यातले एक दाखवले, तेव्हा त्यांनी खिशातले पेन काढून कार्यकारिणीच्या यादीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “एवढं काढा, आणि उरलेलं अर्ध्या पानात बसवा. दहा दिवसांच्या बिलाबरोबर वाटतो.” दूध घालणाऱ्याला दर दहा दिवसांनी मिळणारा बिलाचा कागद घरातला प्रत्येक जण बघतो, कारण त्यात दुधाचे फॅट आणि पैसे असतात. आमचे अर्धे पान त्या कागदाला टाचून घरोघर गेले. संस्थेचे नाव खाली, बारीक अक्षरांत होते. तरी पुढच्या पावसाळ्यात लोक त्याच नावाने विचारत आले.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुझी मदार आहे, ती योग्यच आहे. मात्र त्याची रीत समजून घे. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच मावतात, आणि त्यांतही ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणजे तू दोनशे नंबर गोळा केलेस, पण लोकांकडून तुमचा नंबर सेव्ह करून घेतला नाहीस, तर तुझा संदेश बहुतेकांपर्यंत जातच नाही, आणि तुला वाटते की लोक वाचत नाहीत. गावसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत समोर बसून नंबर सेव्ह करून घेणे हे कंटाळवाणे काम आहे. ते इतर कोणावर न सोपवता स्वतः कर. संदेशात नुसती लिंक टाकू नकोस. कामाच्या चार ओळी तिथेच दे, म्हणजे ज्याचा नेटपॅक संपत आला आहे त्यालाही काही मिळेल, आणि ज्याला पुढचे हवे तो लिंक उघडेल.

गुगल पात्र सेवाभावी संस्थांना दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत देते, त्यासाठी अर्ज जरूर कर. पण लोक जे शब्द शोधतात त्यांच्याशीच त्या जाहिराती जोडलेल्या असतात, त्यामुळे शीर्षके दुरुस्त झाल्यावरच त्यांचा उपयोग होईल.

करवीर नगर वाचन मंदिरात छापील प्रती ठेवण्याची तुझी कल्पना मला आवडली. १८५० पासूनची ती संस्था आहे, आणि तिथे सकाळी वृत्तपत्रे वाचायला येणारी निवृत्त मंडळी चुका काढण्यात तरबेज असतात. त्यांचा राग मानू नकोस. चूक काढणाऱ्या माणसाने लेख शेवटपर्यंत वाचलेला असतो.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला माझ्याकडे ये. आपण डेअरीवर जाऊ आणि रांगेतल्या कोणाला तरी तुझ्या नव्या लेखाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवू. ऐकणाऱ्याने किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, की त्या ओळीवर खूण करायची. लेख मोठ्या अक्षरांत छापून आण, कारण तिथला दिवा मंद आहे.