शारजात घर आणि जेबेल अलीत नोकरी: भाच्याला उत्तर

अरे, तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. दुबईच्या पार दुसऱ्या टोकाला, अबू धाबीच्या बाजूला असलेल्या जेबेल अली फ्री झोनमधली नोकरी पक्की झाली, अडीच महिन्यांत रुजू व्हायचंय, सूनबाई आणि छोटी शाळेचं वर्ष संपल्यावर येणार, इथवर सगळं छान. आता तुझा खरा प्रश्न. दुबईला लागून असलेल्या शारजात घरं दुबईपेक्षा बरीच स्वस्त दिसतात, मॅपवर अंतर पन्नासएक किलोमीटर आणि वेळ पाऊण तास दिसतो, नाशिकहून सिन्नरला रोज जाणारी माणसं आहेतच, मग सगळे ट्रॅफिकची एवढी भीती का घालतात?

मला आधी सांग, मॅप तू बघितलास किती वाजता? रात्री जेवणं उरकून अकराला बघितला असशील, तर तेव्हा इथे साडेनऊ वाजलेले असतात आणि रस्ते मोकळे होत आलेले असतात. सोमवारी सकाळी तुझ्या घड्याळात आठ वाजता, म्हणजे इथल्या साडेसहाला, पुन्हा बघ. मग संध्याकाळी तुझ्या सातला उलट दिशेने बघ. सोमवार ते गुरुवार असं ओळीने चार दिवस कर आणि आकडे वहीत लिहून ठेव. माझ्या या सगळ्या रामायणापेक्षा ती वही तुला जास्त उपयोगी पडेल.

मी शारजात अल तावूनला राहून दुबईत अल कूझला सहा वर्षं नोकरी केली. अंतर पंचवीसएक किलोमीटर, तुझ्या निम्मं. पहाटे साडेपाचला निघाले तर पस्तीस मिनिटांत पोचायचे आणि दीड तास गाडीतच झोप काढायचे. सव्वासहाला निघाले तर सव्वा तास. पावणेसातला निघायची वेळ आली तर सरळ साहेबांना मेसेज टाकायचे की उशीर होतोय. म्हणजे घरातून निघायला एक तास उशीर झाला, तर पोचायला जवळजवळ दोन तास उशीर. हे गणित इथे आल्याशिवाय पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

असं का होतं ते समजून घे. नोकऱ्या दुबईत आणि परवडणारी घरं शारजात नि त्यापलीकडच्या अजमानला, त्यामुळे सकाळी अख्खी माणसं एका दिशेला आणि संध्याकाळी तीच माणसं उलट दिशेला. समोरची बाजू रिकामी पळताना दिसते आणि आपण मुंगीच्या पावलाने. शारजात मेट्रो नाही. दुबईकडे येणारे मोठे रस्ते मोजून तीन: समुद्राच्या बाजूचा इत्तिहाद रोड, मधला शेख मोहम्मद बिन झायेद रोड, ज्याला सगळे 'थ्री इलेव्हन' म्हणतात, आणि वाळवंटाच्या बाजूचा एमिरेट्स रोड, म्हणजे 'सिक्स इलेव्हन'. तिन्ही सकाळी तुंबतात. एखाद्यावर दोन गाड्या नुसत्या एकमेकींना घासल्या तरी उरलेल्या दोन्हींवर त्याची कळ उमटते. संध्याकाळी दुबईच्या हद्दीतल्या अल मुल्ला प्लाझापासून शारजाच्या सहारा सेंटरपर्यंतचा तुकडा तर काय विचारू नकोस. सहारा सेंटरची पाटी डोळ्यांसमोर दिसत असते आणि चाळीस मिनिटं ती दिसतच राहते.

तेव्हा इथे किती किलोमीटर हे विचारायचं नाही. कुठल्या दिशेला आणि किती वाजता, एवढंच विचारायचं. दुबईत राहून शारजात नोकरी करणारी माझी मैत्रीण माझ्याएवढंच अंतर वीस-पंचवीस मिनिटांत कापायची.

आता पैशाचं बघू, कारण तू हिशेबाचा माणूस आहेस आणि भाड्यातल्या फरकावर तुझा डोळा आहे. दुबईत टोलला 'सालिक' म्हणतात, अरबीत त्याचा अर्थ मोकळा रस्ता, आता काय बोलायचं! २००७ साली सुरू झालं तेव्हा दोन गेट होती, आता दहा आहेत. नाक्यावर थांबायचं नसतं, काचेवर टॅग असतो, खालून गेलास की पैसे वजा. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी, म्हणजे सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८, प्रत्येक गेटला ६ दिरहम आणि एरवी ४ दिरहम लागतात. रात्री १ ते सकाळी ६ फुकट. इत्तिहाद रोडने येऊन शेख झायेद रोडने जेबेल अली गाठलंस तर ममझर, गरहूद, सफा, बर्शा आणि जेबेल अली अशी पाच गेटं लागतात. जायला ३०, यायला ३०, बावीस दिवसांचे १३२० दिरहम. पेट्रोल, गाडीचा हप्ता, विमा, पार्किंग वेगळं. थ्री इलेव्हनवर सालिक नाही, म्हणून पैसे वाचवणारे सगळे तिकडे वळतात आणि तिथे पैशांऐवजी वेळ देतात. याउलट मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा साधा पास ३५० दिरहमला मिळतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष शारजात घर घेऊ नकोस आणि गाडीही घेऊ नकोस. जेबेल अलीच्याच बाजूला, डिस्कव्हरी गार्डन्स किंवा अल फुरजानकडे, टू-बीएचकेचा हट्ट सोडून वन-बीएचके बघ. दोन्हीकडे २०२१ पासून मेट्रो आहे. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आपले लोक भरपूर, जवळच्या गार्डन्स भागात भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आहे, आणि २०२२ मध्ये उघडलेलं जेबेल अलीचं मोठं मंदिरही त्याच बाजूला. सूनबाईंना करामा आणि मीना बाजार, म्हणजे जुन्या दुबईतले आपल्या लोकांचे बाजार, लांब पडतील हे खरं, पण तिथे महिन्यातून दोनदा जायचं असतं, नोकरीला बावीस वेळा.

आणि घाईने सही करू नकोस. इथे भाडेकरार वर्षाचा असतो आणि भाडं आगाऊ तारखांच्या चेकने द्यायचं असतं, कधी चार चेक, कधी दोन. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार असला तरी महिनाभराची नोटीस देऊन निघता येतं, तसं इथे नाही. मधेच सोडलंस तर दंड. आमचे एक शेजारी शारजातून तिसऱ्याच महिन्यात कंटाळले आणि उरलेले नऊ महिने रोज घरमालकाच्या नावाने बोटं मोडत प्रवास करत राहिले.

छोटीच्या शाळेचाही विचार याच हिशेबात कर. शारजात सरकारी कचेऱ्या आणि शाळांना जानेवारी २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी आहे, तर दुबईत शनिवार-रविवार. म्हणजे शारजातल्या शाळेत घातलीस तर शुक्रवारी ती घरी आणि तू कामावर. शारजात राहून दुबईच्या शाळेत घातलीस तर पाच वर्षांच्या पोरीला पहाटे पाचला उठवायचं. मी हे केलंय. लेक बसमध्ये बसल्या बसल्या झोपायची, डब्यातली पोळी संध्याकाळी तशीच परत यायची. त्या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

मेट्रो चांगली आहे, पण तिचे नियम पहिल्याच दिवशी समजून घे. आत खाणंपिणं चालत नाही, च्युइंगमसुद्धा नाही. एक भाग महागड्या तिकिटाच्या गोल्ड क्लासचा आणि एक बायका-मुलांचा राखीव असतो. गर्दीत धावत चुकून बायकांच्या भागात शिरलास तर शंभर दिरहम गेले, आणि तपासनीस नेमके तेव्हाच येतात. सोमवार ते शनिवार पहाटे ५ ला सुरू होते, रविवारी ८ ला.

'कारलिफ्ट' हा शब्द तुझ्या कानावर येईलच. एखादा माणूस आपल्या गाडीत चार-पाच जणांना महिन्याच्या ठरावाने रोज नेतो-आणतो. आम्हीही सुरुवातीला गेलो, खोटं कशाला बोलू. पण परवान्याशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं इथे गुन्हा आहे. एकदा पोलिसांनी आमची गाडी बाजूला घेतली आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं, त्यानंतर मी बंद केलं. कंपनीची बस आहे का ते आत्ताच विचारून घे. असेल तर कुठून सुटते तेही विचार, आणि मग घर शोध.

गाडी पुढे कधीतरी लागेलच, तर लायसन्सची तयारी पहिल्यापासून कर. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. जुनं लायसन्स दाखवलंस तर शिकवणीचे तास कमी होतात, एवढंच. २०२३ पासून 'गोल्डन चान्स' नावाचा प्रकार आहे: शिकवणी न घेता थेट परीक्षा द्यायची, पण आयुष्यात एकदाच. तू पंधरा वर्षं गाडी चालवतोस म्हणून लगेच त्यात उडी मारू नकोस. इथे उजवीकडून चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे, आणि 'दवार'मध्ये, म्हणजे गोल चौकात, डावीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची. पुण्या-नाशिकची सवय हाताला इतकी चिकटलेली असते की मी वायपर लावून वळायचे. दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास, पाच हजारांवर दिरहम गेले. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलने प्रत्येक नापाशीनंतर जादा तास गळ्यात मारले, त्यावर एक वेगळं पत्र होईल.

रस्त्यावर हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाही. मागचा घाईत असेल तर तो हेडलाइट मारतो. मारला की मुकाट्याने उजवीकडे सरकायचं, मानापमान काढायचा नाही. आणि संतापून हातवारे तर अजिबात नकोत. बोट दाखवल्यावरून पोलीस केस होते, गंमत नाही. इथली आपली मंडळी अशा वेळी 'खल्ली वल्ली' म्हणतात, म्हणजे जाऊ दे, सोड. तोच मंत्र.

दंडाचे आकडे ऐक. मोबाइल हातात दिसला तर ८०० दिरहम आणि ४ ब्लॅक पॉइंट. पुढच्या गाडीला चिकटून चालवलंस तर ४०० आणि ४. सिग्नल तोडला तर १००० आणि १२, शिवाय गाडी ३० दिवस जप्त. थांबलेल्या शाळेच्या बसने 'स्टॉप'ची पाटी बाहेर काढली असताना पुढे गेलास तर १००० आणि १०. वर्षात २४ पॉइंट झाले की लायसन्स निलंबित. वेगाची गोम वेगळीच आहे. दुबईत पाटीवरच्या मर्यादेपेक्षा २० पर्यंत रडार पकडत नाही, अबू धाबीत २०१८ पासून ही सूट बंद आहे. जेबेल अलीहून अबू धाबी फार लांब नाही, शेख झायेद रोडनेच हद्द ओलांडतोस आणि पायाला आधीची सवय असते. तुझ्या काकांचे पहिले दोन 'मुखालफा', म्हणजे दंड, तिथलेच.

किरकोळ धडक झाली तर गाड्या कडेला घ्यायच्या आणि पोलिसांकडे नोंद करायची. दुबईत पोलिसांच्या ॲपवरूनही होते, शारजात त्यासाठी 'राफिद' नावाची सेवा आहे. त्या नोंदीचा कागद नसेल तर गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. हिरवा कागद मिळाला तर चूक समोरच्याची. 'जाऊ दे भाऊ, पाचशे दे नि मिटव' हे इथे चालत नाही.

अडकलास तर काय, हेही विचारलं आहेस. पाणी, खजूर, चार्जर गाडीत कायम. निघण्याआधी बाथरूमला जाऊन यायचं, हसू नकोस, दीड तास इत्तिहाद रोडवर उभं राहिल्यावर हाच सल्ला आठवेल. आईशी व्हॉट्सॲपवर बोलू म्हणशील तर तो कॉल इथे लागत नाही, वेगळं ॲप घ्यावं लागतं. रमजानमध्ये कामाचे तास दोनने कमी होतात आणि सगळे इफ्तारच्या आधी घर गाठायला धावतात. तो शेवटचा अर्धा तास टाळ. उशीर झालाच तर सिग्नलवर स्वयंसेवक खजूर नि पाण्याची पुडी काचेतून आत देतात, तुझा धर्म विचारत नाहीत. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, तेव्हा चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावायचे नाहीत.

आणि पाऊस. १६ एप्रिल २०२४ ला १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस या देशात पडला, अल ऐनजवळ एका जागी दिवसभरात २५४ मिलिमीटर. आपल्या इगतपुरीला त्याचं काही वाटणार नाही, पण इथे पाणी जायला वाटच नव्हती. आम्ही तोवर शारजा सोडून दुबईत कुसैसला राहायला आलो होतो. मी त्या रात्री ऑफिसातच दोन खुर्च्या जोडून झोपले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. तेव्हापासून ऑफिसच्या खणात एक पातळ चादर आणि चिवड्याचा डबा असतो. पावसाचा इशारा मोबाइलवर आला की शहाणपणा दाखवायचा नाही, घरी थांबायचं.

आता असं कर. आलास की पहिले पंधरा दिवस आमच्याकडेच उतर, हॉटेलचा खर्च नको. घरापासून स्टेडियम स्टेशन दहा मिनिटांवर आहे. ग्रीन लाइनने युनियनला ये, तिथे रेड लाइन पकड आणि जेबेल अलीकडच्या टोकाला उतर, सव्वा ते दीड तास धर. हे दोन आठवडे रोज कर. मग एका मंगळवारी काका तुला पहाटे सहाला शारजात अल नाहदाला नेऊन सोडतील, तिथून टॅक्सीने जेबेल अली गाठ, मीटर आणि घड्याळ दोन्ही बघ. त्यानंतर जिथे म्हणशील तिथे घर बघायला मी बरोबर येईन. आणि येताना ताईकडून गोडा मसाला आण, अर्धा किलोच, मागच्या वेळी तिने दोन किलो पाठवला होता.