सफरचंद आठ दिवसांत मऊ पडतंय? औषधाच्या दुकानात जाऊ नका

मे महिना लागला की खानापूर, बेळगाव तालुक्यांतून एकच विचारणा येते: "परसात अन्ना, डॉर्सेट गोल्डन, एचआरएमएन-99 या जातींची सफरचंदाची झाडं आहेत. फळ चांगलं आलं, पण आठवडाभरात मऊ पडतंय. दुकानदार म्हणतो, काढल्यावर बुरशीनाशकात बुडवून ठेवा. बुडवू का?"

बुडवू नका. फळ मऊ पडतं ते बुरशीने नव्हे, उष्णतेने. या कमी थंडीतही फळणाऱ्या जाती मुळातच लवकर पिकणाऱ्या, त्यात ऐन उन्हाळ्यात काढणीला येणाऱ्या. काश्मीरचं सफरचंद महिनोन्महिने राहतं ते 0 अंशाच्या आसपासच्या थंडीत, कमी ऑक्सिजनच्या कोठारात ठेवतात म्हणून. बाटलीतल्या औषधाने ते साधत नाही. उलट कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात बुडवलेलं फळ तुमची पोरंच सालीसकट खाणार आहेत.

दुसरी चूक रंगाची. अन्नाचं फळ उन्हाकडच्या बाजूने आधीच लाल होतं, आतून कच्चंच असतं. लाली सोडा, सावलीकडच्या बाजूची हिरवी साल पिवळसर होतेय का ते बघा. खात्रीच करायची तर एक फळ आडवं कापा आणि मेडिकलमधलं टिंक्चर आयोडिन पाण्यात पातळ करून कापलेल्या भागावर लावा. मिनिटभरात पिठूळ भाग निळा-काळा पडतो. गाभ्याभोवती पांढरं आणि सालीकडे निळं दिसलं तर ठेवायला काढा. सगळंच पांढरं राहिलं तर ते फळ आजच खाण्याचं. चाचणीचं फळ टाकून द्या.

रंग यावा म्हणून इथेफॉन (फळ पिकवणारं औषध) मारा, असा सल्ला मिळाला तर सरळ उठून घरी या. त्याने फळ गळतं, झाडावरच मऊ पडतं, आणि दुकानात तर डोसही दुप्पट सांगतात. फळ टिकावं म्हणून फवारतात त्या कॅल्शियम क्लोराइडचा डोसही असाच वाढवून सांगतात. ते काढणीच्या 45 आणि 30 दिवस आधी, लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी मारायचं. "दहा टाका, जास्त टिकेल" म्हणणाऱ्याचं ऐकलंत तर उन्हात पानांच्या कडा करपतात. काढणी तोंडावर आल्यावर मारून तर काहीच उपयोग नाही. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्याचं नावही काढू नका.

काढणी सकाळी ऊन चढायच्या आत. फळ तळहातात धरून वर उचला आणि हलकं पिरगळा, देठ फळालाच राहू द्या. नख लागलं की तिथून डाग पडतो. पोत्यात भरू नका, खाली कागद घातलेल्या क्रेटमध्ये दोनच थर लावा. ठेवायचं फळ धुऊ नका.

आता माझा आग्रह. झाडं पाच-दहा असतील तर दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेला विटा-वाळूचा शीतकक्ष बांधा, वीज लागत नाही. सावलीत, वारा खेळेल अशा जागी विटांचा तळ, त्यावर दुहेरी भिंत, मधल्या साडेसात सेंटिमीटर फटीत नदीची वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर ओल्या पोत्याचं झाकण. पाणी फळावर ठिबकू देऊ नका. मेच्या कोरड्या हवेत आत चांगला गारवा राहतो. मृगाचा पाऊस लागला, हवा दमट झाली की मात्र हा कक्ष निकामी; खानापूरकडे तर लवकरच. त्याआधी माल संपवा. घरापुरतं फळ छिद्रं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे राहतं.

बटाट्याच्या खोलीत सफरचंद ठेवू नका. सफरचंदातून निघणाऱ्या, फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूने शेजारचा मालही बिघडतो. दर दोन दिवसांनी क्रेट उपसून डागाळलेलं फळ वेगळं करा.

पॅक हाऊसला (माल निवडून भरायच्या शेडला) बागायत खात्याकडून अनुदान मिळतं. उतारा आणि फ्रूट्स आयडी (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) घेऊन तालुका कार्यालयात जा, मंजुरी आधी, बांधकाम नंतर. पाच-दहा झाडांसाठी त्या फंदात पडू नका.

पडलेलं, दबलेलं फळ साठवणीत घालू नका. त्याच दिवशी कापून मुरंबा करा.