न सांगता कळायला हवं होतं का?

प्रश्न : ताई, लग्नाला ११ वर्षं झाली. मिस्टर भोसरीला एका कंपनीत शिफ्टमधे आहेत. घरी आले की सोफ्यावर बसतात, मोबाईल काढतात, मी विचारलं काय झालं तर काही नाही. चेहऱ्यावर तर सगळं दिसत असतं. मग माझी चिडचिड होते, मी किचनमधे भांडी आपटते, त्याचाही पत्ता लागत नाही त्यांना. मागच्या महिन्यात माझी आई अ‍ॅडमिट होती, मी चार दिवस गप्प होते, एकदाही विचारलं नाही तुला काय होतंय म्हणून. एका व्हिडिओत ऐकलं की माणूस ९३ टक्के शरीरानेच बोलतो, शब्द फक्त ७ टक्के. मग यांना माझं काहीच कसं कळत नाही? आणि सांगूनच कळणार असेल तर त्या कळण्याला काय अर्थ? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. "सांगून कळलं तर काय उपयोग" हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलंय, मावशीच्या ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही म्हटलेलं आहे. त्यामागचं दुःख मला कळतं. आई दवाखान्यात आणि आपलं माणूस शेजारी बसूनही विचारत नाही, याने कोणीही तुटेल.

आधी त्या ९३ टक्क्यांचं बघू, कारण तो आकडा सगळीकडे फिरतोय आणि त्याने तुमच्या दुःखात भरच घातलीय. १९६७ मधे कॅलिफोर्नियात अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग केले, हा आकडा तिथून आला. 'कदाचित' सारखा एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या स्वरात ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं की या बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतोय की नाही. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा वेळी लोक सुरावर आणि चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढंच त्यातून निघालं. सगळ्या बोलण्याला हा हिशोब लावू नका हे मेहराबियननी स्वतः सांगितलंय. आई कुठल्या वॉर्डात आहे, डॉक्टर काय म्हणाले, उद्या डबा कोण नेणार, हे एक शब्दही न बोलता नवऱ्याला सांगून बघा, ७ टक्क्यांत काय काय मावतं ते लगेच कळेल.

पण त्या प्रयोगातला खरा भाग तुमच्याच घरात चाललाय. तो "काही नाही" म्हणतो आणि तुम्ही त्याच्या शब्दावर नाही, चेहऱ्यावर विश्वास ठेवता, बरोबरच आहे. फक्त चेहरा एवढंच सांगतो की काहीतरी आहे. काय आहे ते नाही सांगत. सुपरवायझर ओरडला, गाडीचा हप्ता थकला, पाठ दुखतेय की तुमच्यावर राग आहे, या सगळ्याला कपाळावरची आठी एकच असते. ती जागा मग आपण आपल्या मनाने भरतो आणि थकलेल्या बाईच्या मनात त्या वेळी पहिलं हेच येतं की माझ्यावरच रागावलाय.

आता भांड्यांचं. तुम्ही लहान असताना पाहुण्यांसमोर दुसऱ्या चकलीला हात लावला की आई नुसते डोळे मोठे करायची आणि हात मागे यायचा, हो ना? ती खूण तुम्ही त्या घरात वीस-बावीस वर्षं राहून शिकलात. तो दुसऱ्या घरात वाढलाय. त्याच्या घरी भांडी वाजली म्हणजे नळाला पाणी आलंय आणि जायच्या आत घासून घ्यायचीत, एवढंच असू शकतं. आमच्याकडे अगदी असंच झालं होतं, माझ्या सासरी कोणी गप्प झालं की ते दमलेत असं समजून एकटं सोडायचे, त्यात त्यांची माया होती, आणि माझ्या माहेरी गप्प माणसाच्या मागे जाऊन बसायची पद्धत. पहिली दोन वर्षं मला वाटायचं या लोकांना माझं काही पडलेलंच नाही. तुमच्या चार दिवसांच्या गप्प राहण्याचा त्याने काय अर्थ लावला ते एकदा विचारा. कदाचित त्याला वाटलं असेल, हिला आत्ता त्रास नको द्यायला.

याचा अर्थ त्याची काहीच चूक नाही असा अजिबात नाही. सासू आजारी आहे हे माहीत असताना विचारायला कुठलीही खूण लागत नाही.

अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी बरीच वर्षं जोडप्यांचं वागणं बारकाईने बघितलं. मोठ्या भांडणांपेक्षा त्यांचं लक्ष बारीक बारीक हाकांवर होतं. "बघ ना बाहेर काय ढग आलेत", "आज गाडी पंक्चर झाली" असली वाक्यं, जी वरवर फालतू वाटतात पण आत म्हणणं असतं की जरा माझ्याकडे बघ. लग्नानंतर सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती त्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती, जी वेगळी झाली त्यांनी ३३ वेळा. तर तुमचा नवरा मोबाईलमधून मान वर न करता जे काही बारीकसं बोलतो, कँटीनमधलं, ट्रॅफिकमधलं, ते आठवडाभर जरा कान देऊन ऐका. तेच बहुतेक त्याचं "काय झालं"चं उत्तर असतं.

आणि तुमच्या बाजूने भांड्याऐवजी वाक्य. "मला आईची भीती वाटतेय, तू पाच मिनिटं माझ्याजवळ बस." हे बोलायला फार जड जातं मला माहितीय, पण बोलून बघा. तो बसला तर त्याचं बसणं खोटं होत नाही, सांगितल्यावरही न बसणारे आहेत की. भांडण तापलेलं असेल तर मात्र लगेच बोलायला लावू नका. गॉटमन यांचंच निरीक्षण आहे की भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणसाच्या डोक्यात समोरच्याचं काही शिरत नाही, निदान २० मिनिटं तरी जाऊ द्यावी लागतात. पण त्यालाही सांगा की उठून जाताना "जेवण झाल्यावर बोलू" एवढं म्हणून जा. ते म्हटलं की ती विश्रांती, नाही म्हटलं की तो अबोला, आणि अबोल्याने घरातली पोरंसुद्धा हळूहळू पाय न वाजवता चालायला लागतात.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. अभ्यासाचं, मोबाईलचं काही विचारलं की खाली मान घालतो, माझ्याकडे बघतच नाही. डोळ्याला डोळा न देणारा माणूस खोटं बोलत असतो असं सगळेच म्हणतात. कसं ओळखायचं? – एक वडील, लातूर

उत्तर : दादा, सगळेच म्हणतात हे खरंय, २००६ साली ७५ देशांत लोकांना विचारलं होतं की खोटारडा कसा ओळखता, तेव्हा सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर हेच होतं, नजर चुकवतो. पण प्रत्यक्ष तपासलं तर नजरेवरून खोटं पकडता येतं याला काही आधार सापडत नाही. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी अशा ढीगभर प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला, त्यात माणसं १०० पैकी ५४ वेळाच बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. एवढ्यावर मुलाला खोटारडा ठरवू नका, कृपा करून.

आणि आपल्याच घरात आपण मुलांना काय शिकवतो ते बघा. मोठे रागावले की "वर तोंड करून बघतोस काय" म्हणतो आणि त्याने खाली बघितलं की "इकडे बघ, माझ्याकडे बघून बोल". पोराने करावं काय? खाली मान म्हणजे भीती असेल, लाज असेल, आदर असेल, तुम्ही आत्ता काय बोललात त्याचा विचार करत असेल. काही मुलांना, विशेषतः ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्यांना, नजर देणं खरोखर त्रासाचं असतं, त्यांना तर कधीच बळजबरी करू नये.

तुम्ही त्याला समोर उभं करून विचारणं बंद करा. शेजारी बसून विचारा. माझे वडील फार कमी बोलायचे पण सायकलवर मागे बसवून बाजाराला न्यायचे तेव्हा मी त्यांना सगळं सांगायचे, गणितात नापास झालेलं पण तिथेच सांगितलं, त्यांची पाठ माझ्याकडे होती म्हणून सांगता आलं. गाडीवर, शेंगा फोडताना, रानात चालताना, जिथे दोघांची नजर तिसऱ्याच कशावर तरी असते तिथे या वयाची मुलं बोलतात. तो बोलायला लागला की लगेच उपदेश नको. "मग?" एवढंच म्हणा आणि थांबा, आणि हे थांबणं आपल्याला, आईबापांना, सगळ्यात अवघड जातं.

प्रश्न : मुलगा जर्मनीत आहे. मी रोज रात्री आठला मोठा मेसेज लिहिते, जेवलास का, थंडी कशी आहे. निळ्या टिका येतात, उत्तर नाही. आलं तर नुसता अंगठा किंवा "ओके". सून आल्यापासून बदलला का हो? – काकू, नाशिक

उत्तर : काकू, हिवाळ्यात तुमचे रात्रीचे आठ म्हणजे तिथले दुपारचे साडेतीन. तो ऑफिसात आहे. निळी टिक फक्त मेसेज उघडला एवढं सांगते, मिटिंगमधे टेबलाखाली उघडला की घरी निवांत वाचला ते तिला सांगता येत नाही. त्या अंगठ्याला आवाज नाही, तो आवाज तुम्ही देता आणि काळजीत असलात की रागाचाच देता. २००५ मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, ईमेल लिहिणाऱ्यांना वाटायचं आपण टोमण्यात लिहिलंय की गंभीरपणे ते वाचणाऱ्याला १०० पैकी ७८ वेळा कळेल, प्रत्यक्षात कळलं ५६ वेळा. लिहिताना आपल्याला आपलाच आवाज ऐकू येत असतो, समोरच्याला तो येत नाही. त्याने हसून टाकलेला "ओके" तुमच्यापर्यंत कोरडा पोचतो.

सुनेचं नाव मधे आणू नका, त्याचा पुरावा तुमच्या पत्रात कुठेच नाही. मुलाला व्हॉइस मेसेज करा, छोटा, मागे कुकरची शिट्टी आली तर येऊ दे, आणि सरळ सांगा की बाळा, मला तुझा आवाज ऐकायचाय, रविवारी दहा मिनिटं ठरवू या.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा गेली. काहीतरी मागतात, आम्हाला कळत नाही, मग चिडून ताट ढकलतात. मान 'हो' हलवतात आणि नको असतं. पण सकाळी हरिपाठ लावला की "रामकृष्णहरी" स्पष्ट म्हणतात! नणंद म्हणते ते मुद्दाम बोलत नाहीत. – एक सून, मिरज

उत्तर : मुद्दाम नाही हो, अजिबात नाही, हे नणंदबाईंना आजच वाचून दाखवा. झटक्याने मेंदूतला भाषेचा भाग दुखावला की असं होतं, याला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि शरीराची उजवी बाजूही तीच चालवते, म्हणून उजवा हात आणि वाचा अनेकदा बरोबरच जातात. पण आयुष्यभर रोज म्हटलेलं, हरिपाठ, आकडे, वार, एखादी शिवीसुद्धा, ते नवीन वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं. म्हणून "रामकृष्णहरी" येतं आणि "पाणी" येत नाही. आतला माणूस तिथेच आहे, अक्कल शाबूत असू शकते, फक्त शब्द हाताला लागत नाहीये, अशा माणसाला आपल्यासमोर "त्यांना काही कळत नाही" असं ऐकावं लागणं किती भयंकर असेल.

मान हलवण्यात 'हो' आणि 'नाही'ची अदलाबदल या आजारात होते, त्यात आपली मान डोलवायची पद्धत अशी की धडधाकट माणसाचं पण कळत नाही. म्हणून नुसत्या मानेवर जाऊ नका. एका हातात पाण्याचा तांब्या, एका हातात चहाचा कप, दोन्ही समोर धरा आणि त्यांना डाव्या हाताने दाखवू द्या. टीव्ही बंद करा, समोर बसा, एका वेळी एकच छोटं वाक्य, आणि आवाज चढवू नका, त्यांचे कान ठीक आहेत. विचारलं की मनात दहा आकडे मोजा, शब्द यायला वेळ लागतो, त्यांचं वाक्य आपण पूर्ण करायची घाई नको. घरातल्या वस्तूंचे, माणसांचे फोटो मोबाईलमधे एका ठिकाणी ठेवा, त्यात नातवंडं, त्यांची औषधं, संडास, गावचं घर, विठोबा सगळं असू द्या. नाहीच कळलं तर खोटी मान डोलवू नका, "बाबा, मला नाही कळलं, पुन्हा दाखवा" म्हणा.

स्पीच थेरपी लगेच सुरू करा, सुरुवातीचे महिने फार मोलाचे. मिरजेत मोठी हॉस्पिटलं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना स्पीच थेरपिस्टचं नाव विचारा, आणि मुंबईला जाणं होणार असेल तर वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा आणि श्रवणाचंच काम चालतं. हरिपाठ अजिबात बंद करू नका. उद्या सकाळी नणंदबाईंना सासऱ्यांच्या डाव्या बाजूला बसवा, हातात हात देऊन, आणि त्यांच्याबरोबर म्हणू द्या.